सांधा

श्रावणात आमच्या मंडळाने तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक सभागृहात ज्यांचे कीर्तन ठेवले होते आणि पुढे पौषात जे अल्पशा आजाराने निवर्तले, त्या वयोवृद्ध नारदीय कीर्तनकारांच्या कन्येचा माघातल्या एका सकाळी मला दूरध्वनी आला, आणि एरवी अत्यंत संयमाने बोलणाऱ्या त्या बाईंना दोन वाक्यांच्या पुढे बोलवेना. "काका, तुम्ही दिलेलं कीर्तन मोबाइलवर लावलं, तर त्यात बाबांचा आवाजच नाही हो. फोन कानाशी धरला तर लांब विहिरीत कोणी बोलतंय असं वाटतं, बस." मी तत्काळ मूळ प्रत काढली, हेडफोन कानाला लावले, तो बुवांचा आवाज जसाच्या तसा हजर, पूर्वरंगातले निरूपण, पेटीचा स्वर, तबल्याची थाप, सारे काही जागच्या जागी. तीच प्रत माझ्या मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवर लावली आणि अडीच तासांचे कीर्तन माझ्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि ते सापडले तेव्हा ते वीतभर लांबीच्या एका वायरीत सापडले. सभागृहाच्या मिक्सरमधून माझ्या डिजिटल रेकॉर्डरमध्ये आवाज घेण्यासाठी तेथील कारागिराने जी वायर दिली होती, तिच्या एका टोकाला बाजारात ज्याला पी-38 स्टिरिओ म्हणतात तो जाड जॅक होता आणि दुसऱ्या टोकाला ईपी स्टिरिओ म्हणतात तो बारीक. दोन्ही टोके दोन्ही भोकांत अगदी चपखल बसली, रेकॉर्डरच्या पडद्यावर डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्या सारख्या उंचीने नाचू लागल्या, आणि मी निश्चिंत झालो. वास्तविक त्या मिक्सरची निर्गमवाहिनी संतुलित पद्धतीची होती. म्हणजे एकच आवाज ती दोन तारांवरून पाठवीत होती, एका तारेवर सुलटा आणि दुसऱ्या तारेवर उलटा. माझ्या रेकॉर्डरच्या बारीक भोकाला मात्र दोन तारा म्हणजे डावा कान आणि उजवा कान एवढेच ठाऊक. त्याने सुलटा आवाज डावीकडे नोंदवला आणि उलटा उजवीकडे. हेडफोनमध्ये दोन्ही कानांना आपापला आवाज मिळत असल्याने कीर्तन ऐकू येत होते, फक्त बुवा समोर उभे न राहता दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखे भासत होते, आणि हे भासणे मला त्या रात्री जाणवलेही होते, पण मी ते सभागृहाच्या घुमण्यावर लोटून दिले. मोबाइलच्या एका स्पीकरमध्ये डावे-उजवे एकत्र मिळवले गेले की सुलट्यात उलटे मिळून बाकी शून्य उरते.

सुदैवाने हा अपघात दुरुस्त होण्याजोगा होता. संगणकावर उजवी वाहिनी पालथी करून डावीत मिळवली, आणि बुवांचा आवाज दुप्पट बळाने परत आला. इतकेच नव्हे तर वायरीवर वाटेत बसलेली जी बारीक गुणगुण दोन्ही वाहिन्यांवर सारखीच होती, ती या उलटापालटीत आपोआप वजा होऊन गेली. संतुलित वाहिनीचे सारे मर्म यातच आहे. वाटेतला उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आवाज मात्र एकीवर उलटा असतो, म्हणून पलीकडच्या यंत्राने एकीतून दुसरी वजा केली की उपद्रव जातो आणि आवाज राहतो. जी वजाबाकी श्रावणातल्या त्या रात्री रेकॉर्डरच्या दारातच व्हायला हवी होती, ती सहा महिन्यांनी माझ्या टेबलावर झाली. बुवांच्या मुलीला नवी प्रत पाठवली. पण सगळेच अपघात असे परतीचे नसतात, आणि त्या परत न येणाऱ्या अपघातांसाठीच हा लेख लिहिणे मला अगत्याचे वाटते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत डिजिटल ध्वनिमुद्रक इतका स्वस्त आणि इतका लहान झाला की आमच्या गावोगावच्या संगीत मंडळांच्या, ग्रंथालयांच्या, व्याख्यानमालांच्या आणि देवस्थानांच्या कपाटांत आज तो सर्रास आढळतो. त्याच्या खरेदीला मंजुरी मिळते, त्याची पावती दप्तरी दाखल होते, जडसंग्रह नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो. परंतु तो ध्वनिमुद्रक मिक्सरला, मायक्रोफोनला, जुन्या स्पूलच्या यंत्राला वा संगणकाला ज्या सांध्याने जोडायचा, त्या सांध्यासाठी कोठेही तरतूद नसते, त्याचे ज्ञान कोणाच्याही जबाबदारीत नसते, आणि ऐनवेळी लॅमिंग्टन रोडवरून वा पुण्याच्या तपकीर गल्लीतून कोणीतरी आणलेली जी वायर हाताला लागेल ती लावून काम भागवले जाते. आपल्या ध्वनिसंग्रहाची जी हानी होते ती यंत्रात क्वचितच होते. ती बहुतेक वेळा या सांध्यात होते, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवानंतरचे ठाम मत आहे.

1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहरजान यांचे गायन त्यांनी मुद्रित केले, तेव्हा असा सांधाच मुळी नव्हता. गाणाऱ्याने भोंग्यात गायचे, त्या श्वासाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ ओढायची; कंठापासून मेणापर्यंत एकच अखंड यांत्रिक वाट. 1925 च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आले आणि ती वाट तुटून तिचे टप्पे झाले. मायक्रोफोन निराळा, प्रवर्धक निराळा, मुद्रक निराळा, आणि दोन टप्प्यांमध्ये तार. तेव्हापासून या विद्येत नैपुण्याचा मोठा भाग म्हणजे एका यंत्राने जे दिले ते दुसऱ्याने जसेच्या तसे स्वीकारावे याची व्यवस्था लावणे हाच राहिला आहे.

या व्यवस्थेत पहिला प्रश्न पातळीचा. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युद्दाब काही सहस्रांश व्होल्टचा असतो. व्यावसायिक मिक्सरची प्रमाण पातळी 1.23 व्होल्टची, तर घरगुती टेपडेक वा सीडी वाजवणारे यंत्र साधारण 0.316 व्होल्टला प्रमाण मानते. म्हणजे दोघेही आपापल्या परीने बरोबर असूनही एकाचे प्रमाण दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट. आता मिक्सरची ही चौपट पातळी जर रेकॉर्डरच्या मायक्रोफोनसाठी असलेल्या भोकात घातली, तर ओंजळीत घागर रिकामी केल्यासारखे होते. येथे एक फसगत अशी आहे की ती मी स्वतः दोनदा भोगली आहे: आवाज फाटतो म्हणून आपण रेकॉर्डरचे बटण कमी करतो, पडद्यावरची पट्टी शहाण्यासारखी खाली येते, आणि तरीही आवाज फाटलेलाच राहतो. कारण पुष्कळ यंत्रांत तो बटणाच्या अलीकडेच, प्रवेशद्वारीच्या प्रवर्धकात फाटून चुकलेला असतो. बटण फक्त फाटलेले वस्त्र लहान घडीत बसवते. चुंबकीय फितीला पातळी अधिक झाली तर ती हळूहळू दबत जात असे, आणि तो दबलेला आवाज कानाला पुष्कळदा गोडही लागे. अंकीय पद्धतीत मात्र कमाल मर्यादेच्या वर एक केसही जागा नाही. तेथे स्वराचा माथा सरळ रेषेत छाटला जातो आणि छाटलेला माथा पुन्हा उगवत नाही. म्हणून तान वरच्या षड्जाला पोहोचली तरी शिखर मर्यादेच्या खाली दहा-बारा डेसिबल राहील अशा बेताने मांडणी करावी. 24-बिटच्या मुद्रणात खाली इतकी जागा असते की त्याने काही गमावले जात नाही. अलीकडे 32-बिट फ्लोट नावाच्या पद्धतीची यंत्रे आली आहेत आणि ती पातळीची चिंताच मिटवतात असे त्यांचे विक्रेते सांगतात. यंत्राच्या आत ते खरे आहे. पण आवाज मिक्सरमध्येच फाटून आला असेल तर ते बिचारे यंत्र फाटलेला आवाज तेवढ्याच निष्ठेने जपून ठेवते.

दुसरा प्रश्न गुणगुणीचा, आणि संगीताच्या प्रेमिकाला तो अधिक जिव्हाळ्याचा वाटावा. आपल्या देशातील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, आणि जोडणीत दोष असला की हीच 50 आवर्तने ध्वनिमुद्रणात शिरतात. ही गुणगुण नुसता गोंगाट नसून एक स्वर आहे, ही गोष्ट मी पेटी पुढ्यात घेऊन ताडून पाहिली तेव्हापासून मला तिचा फारच त्रास होऊ लागला आहे. पांढरी एक हा षड्ज धरून गाणाऱ्याच्या बाबतीत हा स्वर खर्जाच्याही खालच्या पंचमापाशी येतो, पण पंचमावर न बसता त्याच्या किंचित वर, चढा राहतो. काळी एक धरणाऱ्याच्या बाबतीत तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळतो. म्हणजे तंबोऱ्याच्या चार तारा जुळवण्यासाठी ज्या गायकाने पडद्यामागे अर्धा तास घालवला, त्याच्या गायनाखाली आपण अडीच तास अखंड वाजणारी एक पाचवी, बेसूर तार बांधून ठेवतो. रसिकाला ती स्वतंत्रपणे ऐकू येईलच असे नाही. पण ऐकताना आपले मन रमत का नाही हे त्याला कळत नाही.

या गुणगुणीचे सर्वांत सामान्य कारण असे की मिक्सरची वीज रंगमंचावरच्या फळीवरून घेतलेली असते आणि मुद्रण करणारा संगणक मागच्या भिंतीवरच्या प्लगवर असतो. दोन्हींचे अर्थिंग दोन जागी जमिनीला मिळते, त्या दोन जागांत विद्युद्दाबाचा किंचित भेद असतो, आणि आपली आवाजाची वायर त्या दोहोंना जोडताच तिच्या जाळीतून तो भेद वाहू लागतो. उपाय साधे आहेत. दोन्ही यंत्रे एकाच फळीवर लावावीत. शक्य असेल तर रेकॉर्डर बॅटरीवर चालवावा. आणि ते जमत नसेल तर मध्ये एकास एक प्रमाणाचा विलगकारी ट्रान्सफॉर्मर घालावा, ज्यात आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो पण तारेला तार लागत नाही. तो मुठीत मावतो, त्याला वीज लागत नाही आणि ध्वनिमुद्रकाच्या किमतीच्या मानाने त्याची किंमत थोडी आहे.

परंतु आपल्याकडे जो उपाय सर्रास केला जातो तो वेगळाच, आणि त्याविषयी मला अत्यंत कळकळीने लिहायचे आहे. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन काढून टाकायची किंवा तिची तार तोडायची, म्हणजे गुणगुण थांबते. ती थांबतेही. पण त्या क्षणापासून यंत्रात काही बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगावर 230 व्होल्ट उतरले तर त्यांना जमिनीकडे जायला मायक्रोफोनच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसावाचून दुसरी वाट उरत नाही. पावसाळ्यात, ओल धरलेल्या रंगमंचावर, अनवाणी उभा असलेला कीर्तनकार मनश्चक्षूंपुढे आणावा. मी पाहिलेल्या सभागृहांपैकी एकाहून अधिक ठिकाणी ही पिन कापलेली होती, आणि कापणाऱ्याने ते कारागिरी म्हणून मला अभिमानाने दाखवले होते. अशा सभागृहाच्या व्यवस्थापनाने कापलेला प्रत्येक प्लग त्याच दिवशी बदलून घेतला पाहिजे. या एका बाबतीत अंदाजपत्रकाची, निविदेची वा पुढील बैठकीची वाट पाहण्याचे कारण नाही.

अंकीय यंत्राला अंकीय यंत्र जोडले की हे सर्व प्रश्न संपतात असा एक समज आहे. काही संपतात, काही नवे उत्पन्न होतात. अंकीय ध्वनिमुद्रण म्हणजे आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून ते आकडे लिहून ठेवणे. सीडीसाठी हा दर सेकंदाला 44,100 ठरला. हा चमत्कारिक आकडा कोठून आला याची हकीकत जोडणीच्याच इतिहासात आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इतके आकडे इतक्या वेगाने साठवू शकणारे हाताशी असलेले यंत्र म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डर. तेव्हा आवाजाचे आकडे चित्राच्या रेघांत बसवून त्याच्याकडे पाठवण्याची युक्ती निघाली. ज्या देशांत चित्राची क्षेत्रे सेकंदाला 50 तेथे क्षेत्रागणिक 294 रेघा, जेथे ती 60 तेथे 245 रेघा, आणि प्रत्येक रेघेत तीन मोजमापे. दोन्ही गुणाकार करून पाहावेत, उत्तर 44,100 च येते. दोन खंडांच्या दूरचित्रवाणी पद्धतींना सारखाच लागू पडेल असा आकडा शोधणाऱ्या अभियंत्यांनी एका यंत्राला दुसऱ्याशी जोडण्याची अडचण अशी सोडवली, की ते व्हिडिओ रेकॉर्डर भंगारात गेल्यावरही 1982 पासून बाजारात आलेल्या प्रत्येक सीडीवर त्या सांध्याची खूण राहिली आहे.

आता अडचण अशी की सेकंदाला 44,100 हा आकडा प्रत्येक यंत्र स्वतःच्या पोटातल्या स्फटिकाच्या घड्याळावर मोजते, आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दोन स्वतंत्र रेकॉर्डरांच्या गतीत दहा लाखांत पन्नास एवढाच फरक आहे असे धरले, तरी तासाला 0.18 सेकंदाचे अंतर पडते, आणि तीन तासांच्या संगीत नाटकाच्या शेवटी ते अर्ध्या सेकंदाच्या पुढे जाते. एका यंत्रावर गायक आणि दुसऱ्यावर तबला असेल तर पहिल्या अंकात सम जुळते आणि भरतवाक्याला तबलजी बेताल ठरतो, ज्यात त्या तबलजीचा काडीचाही दोष नसतो. दोन यंत्रे तारेने जोडलेली असून घड्याळे मात्र आपापली चालवीत असतील तर मधूनमधून टिक् टिक् असा आवाज येतो, आणि तो पुष्कळांना वायरीचा दोष वाटतो. यासाठी एका यंत्राचे घड्याळ प्रमुख ठरवून इतरांना त्याच्या अनुसाराने चालवावे लागते. मोठ्या स्टुडिओत या कामासाठी निराळी तार असते. लहान मंडळाने एवढे केले तरी पुरे, की जे एकत्र मिळवायचे ते एकाच यंत्रावर निरनिराळ्या वाहिन्यांत मुद्रित करावे.

आणि येथे मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, जी तांत्रिक कमी आणि रसाची अधिक आहे. मिक्सरमधून घेतलेला आवाज म्हणजे कार्यक्रमाचा आवाज नव्हे. मिक्सरमध्ये तेवढेच असते जे ध्वनिवर्धकातून मोठे करण्याची गरज पडली. लहान सभागृहात तबला स्वतःच्या बळावर मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो, म्हणून कारागीर त्याला मिक्सरमध्ये जेमतेम उघडतो. परिणामी मुद्रणात गायक जवळ आणि तबला शेजारच्या खोलीत. श्रोते तर त्यात नसतातच. ज्या कीर्तनात जयजयकाराला उत्तर देणारे सभागृह नाही, ज्या गाण्यात जागेवर निघून गेलेली दाद नाही, ते मुद्रण कितीही स्वच्छ असले तरी निर्जीव असते. म्हणून चार वाहिन्यांचा रेकॉर्डर वापरावा. दोन वाहिन्या मिक्सरकडून, दोन सभागृहात टांगलेल्या स्वतंत्र मायक्रोफोनकडून. फक्त ध्यानात ठेवावे की आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि तारेतून तत्काळ. तेव्हा 17 मीटरवरच्या मायक्रोफोनमध्ये तोच स्वर सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोहोचतो. संपादनाच्या वेळी ती वाहिनी तेवढी अलीकडे सरकवली नाही तर प्रत्येक अक्षराला सावली पडल्यासारखे ऐकू येते. कार्यक्रमापूर्वी रंगमंचावर एकदा टाळी वाजवून ठेवावी. दोन्हीकडची टाळी जुळवली की काम झाले.

सांध्याचे महत्त्व यंत्रापेक्षा किती अधिक टिकाऊ असते याचे एक उदाहरण मला नेहमी विचार करायला लावते. कीथ बार यांनी स्थापन केलेल्या अलेसिस या अमेरिकन कंपनीने 1991 मध्ये एडॅट नावाचे यंत्र जाहीर केले. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर ते आठ वाहिन्या अंकीय पद्धतीने मुद्रित करी, आणि अशी सोळा यंत्रे एकमेकांना जोडून 128 वाहिन्या एका घड्याळावर चालवता येत. ज्या कामाला पूर्वी श्रीमंत स्टुडिओ लागत असे ते घरच्या खोलीत होऊ लागले. ते यंत्र आता इतिहासजमा झाले. त्याची कॅसेट वाजवू शकणारे चालू यंत्र शोधावे लागते. परंतु त्याच्या मागच्या बाजूला एक लहानसे प्रकाशवाहिनीचे भोक होते, ज्यातून आठही वाहिन्या एका बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने जात, आणि ते भोक, त्याच नावाने, आजच्या नव्या यंत्रांवरही आहे. कॅसेटवर ठेवलेला विश्वास दहा-पंधरा वर्षांत फोल ठरला. जोडणीच्या नियमावर ठेवलेला विश्वास तीस वर्षांनीही फळ देतो आहे. जे व्यवस्थापन दर पाच वर्षांनी नवा रेकॉर्डर घेते पण भिंतीतल्या जोडणीवर एक पैसा खर्च करीत नाही, ते नेमके उलट करते आहे.

जुन्या फितींच्या बाबतीत हीच उपेक्षा अधिक घातक ठरते. गावोगावच्या ग्रंथालयांत आणि घरांत स्पूल व कॅसेट पडून आहेत, आणि त्या संगणकात उतरवून घेण्याचे काम सध्या उत्साहाने चालू आहे. ते उत्तमच आहे. पण फीत जुनी झाली की तिचे लेपन सुटू लागते आणि प्रत्येक वादनात ती थोडी झिजते. पुष्कळदा तिचे शेवटचे चांगले वादन तेच असते. अशा वेळी टेपडेकची तार संगणकाच्या गुलाबी भोकात घालून, जे बहुधा एकाच वाहिनीच्या मायक्रोफोनसाठी केलेले असते, दोन वाहिन्यांची मैफल उतरवून घेणे आणि मग ती फीत अडगळीत टाकणे, हे दस्तऐवजाची घाईने अशुद्ध नक्कल करून मूळ कागद चुलीत घालण्यासारखे आहे. पेशवे दप्तरातील कागदांच्या बाबतीत असे कोणी केले असते तर आपण त्याला क्षमा केली नसती.

म्हणून माझी मागणी अशी आहे, आणि ती नगरपालिका, महानगरपालिका, विश्वस्त संस्था आणि ज्यांच्या ताब्यात सार्वजनिक सभागृह आहे अशा सर्वांना उद्देशून आहे. सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेची निविदा काढताना तिच्या तपशिलात ध्वनिमुद्रणासाठी स्वतंत्र निर्गमवाहिनीची बाब घालावी. रंगमंचाच्या बाजूला भिंतीत एक पेटी, तिच्यात तीन पिनांची दोन एक्सएलआर भोके, त्यांच्यामागे विलगकारी ट्रान्सफॉर्मर, आणि सभागृहातला आवाज लहानमोठा केल्याने जिची पातळी बदलणार नाही अशी मिक्सरमधली निराळी वाहिनी. पेटीवर पातळी कोरलेली असावी. पेटीच्या झाकणात एक कागद लावावा, ज्यावर कोणत्या पिनेवर काय आहे हे लिहिलेले असेल: पहिलीवर जाळी, दुसरीवर सुलटी तार, तिसरीवर उलटी. कपाटात तयार वायरींचा एक संच असावा आणि तो यंत्रांप्रमाणेच जडसंग्रह नोंदवहीत चढवलेला असावा, म्हणजे बदलीच्या वेळी त्याचा हवाला द्यावा लागेल. आणि सभागृहाच्या नोकरवर्गातील एका तरी व्यक्तीला हे काम शिकवून तिच्या कर्तव्यसूचीत ते लेखी नमूद करावे. आज हे काम जो कारागीर करतो त्याला आपण वायरमन म्हणून उभ्या उभ्या हाक मारतो आणि कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानताना त्याचे नाव विसरतो. ज्याच्या हातात शंभर वर्षांनी ऐकू येणाऱ्या स्वराचा सांधा आहे, त्याला शिक्षण, साधने आणि मान यांपैकी आपण काहीच दिलेले नाही, तेव्हा श्रावणातल्या त्या चुकीचा दोष मी त्याला कधीही लावला नाही.

आमच्या मंडळाने त्यानंतर स्वखर्चाने एक पेटी करून घेतली. ती ज्याने केली तो तेथलाच तरुण. त्याने माझ्यासमोर बसून प्रत्येक तारेच्या टोकाचे प्लॅस्टिक नखाएवढे सोलले, तार पिळून तिला आधी कथिल पाजले, मग पिनेवर ठेवून क्षणभर सोल्डरिंगचे टोक टेकवले, आणि कथिल चकाकत वाहून थांबेपर्यंत श्वास रोखून धरला. सहा सांधे, पाऊण तास. सभागृहाच्या व्यवस्थापनाने ती भिंतीत बसवण्याची परवानगी दिली आहे. पेटीचा आराखडा, सामानाची यादी आणि निविदेत घालावयाच्या कलमाचा मराठी मसुदा मंडळाच्या दप्तरात तयार आहे, आणि ज्या संस्थेला हवा असेल तिला त्याची प्रत विनामूल्य देण्याचा ठराव आम्ही मागच्या बैठकीत मंजूर केला आहे.